अण्णांनी मला घातलेला हार

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून असतो. संगणकाचा मेंदू म्हणायचे मला! पण कीव करू नका हं. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, आणि आयुष्य सगळं मारामारीत गेलं.

जन्मच मुळी भट्टीतला. मला भाजलं, आम्लानं खरवडलं, हिऱ्याच्या पात्यानं भावंडांपासून कापून काढलं आणि कपाळावर शिक्का मारला: तीनशे. हा माझा कामाचा वेग. अंगात रग त्याहून कितीतरी जास्त होती, पण विचारतो कोण?

विचारलं ते प्रांजलीनं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा एसपी रोडच्या एका दुकानातून तिनं मला आणलं. ती घरी बसून संगणकावर इमारतींची चित्रं घडवायची. एकेका चित्रापायी माझं घामटं निघायचं. मग तिनं माझा वेग वाढवायला घेतला, पण काय जपून! डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बसवला, त्यावर मोठा पंखा. कॅबिनेटची एक बाजू उघडीच ठेवली, वारा खेळावा म्हणून. वेग एक पायरी चढवायचा, मला दिवसभर पिळून काढायचं, ठोकळ्याला बोट लावून चटका बघायचा. मी गडबडलो की पायरी उतरायची. असं करत करत तिनं मला साडेचारशेवर नेलं. मी तापायचो, पण पेलायचो. खरं सांगतो, तेच माझे सुखाचे दिवस!

तिच्या वडिलांना, श्रीरंगअण्णांना, हे पटत नसे. सरकारी कारखान्यात लेथ मशीनवर त्यांची हयात गेली होती.

"त्याच्यावर तीनशे लिहिलंय ना? मग कशाला त्याच्या जिवावर उठतेस?"

"अण्णा, मी रोज हात लावून बघते."

"जळलं म्हणजे कळेल!"

खंडेनवमी आली, इथली आयुधपूजा. आर्किटेक्ट अरविंदसरांनी प्रांजलीला सांगितलं होतं, दसऱ्याला सगळी चित्रं घेऊन ये, नोकरी तुझी. आणि अण्णांनी बजावलं होतं, दसऱ्याला नोकरी नाही मिळाली तर मुकाट्यानं पुण्याला चलायचं, स्थळ बघायला. चित्रं अजून बाकी होती आणि हातात हा एकच दिवस.

"आज यंत्राला विश्रांती असते," अण्णा म्हणाले. प्रांजलीचे डोळे भरून आले, तसे ते विरघळले. "सरी, सरी. बरं, आधी पूजा, मग तुझं काम."

मला बंद करून ती आंघोळीला गेली. अण्णा पळी-पंचपात्र घेऊन आले. हा मेंदू, असं लेकीनं कधीतरी दाखवलं होतं, ते त्यांच्या ध्यानात होतं. म्हणून सगळा मान मेंदूला! पंख्यावर ओलं हळदकुंकू थापलं, झेंडूचा हार त्याच्याच पात्यांत नीट गुंडाळला. देवासमोर उघडं पोट बरं दिसत नाही म्हणून कॅबिनेटचं झाकणही घट्ट बसवलं. मग आपल्या स्कूटरची दृष्ट काढून कोहळा फोडायला बाहेर गेले. इकडे प्रांजली आली, घाईत झाकणाकडे न बघताच बटण दाबलं, कामाला जुंपलं मला.

अरे देवा! पंखा हलेना. हाराच्या दोऱ्यानं त्याचा गळाच आवळला होता. बाहेर कोहळा फुटला धाडकन, आणि आत मी पेटलो. ओरडायला तोंड नाही, पळायला पाय नाहीत! शीर न्‌ शीर भाजत गेली. पडदा गोठला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गोठला.

"मर मेल्या!" प्रांजली किंचाळली आणि तिनं कॅबिनेटला लाथ घातली.

अण्णा दारातच होते. "पूजेच्या वस्तूला लाथ?" खाडकन तिच्या कानाखाली वाजली. "वेग पाहिजे ना वेग! घे, जळलं!"

पण लाथेनं झाकण निसटलं होतं. ते आता खणकन पडलं आणि आत दिसला करपलेला झेंडू. अण्णांनी आपला हार ओळखला.  प्रांजलीनं हार ओरबाडून काढला. ठोकळ्याच्या पात्यांनी बोटं फाटली, कुंकवात रक्त मिसळलं.

"बाळा, मी... मला वाटलं..." अण्णा चिंधी आणायला धावले.

तिनं मला तीनशेवर उतरवलं. चाललो. पण त्या चालीनं चित्रं पुरी होणं शक्य नव्हतं. मग चिंधी बांधलेल्या हातानं ती पुन्हा एकेक पायरी चढवत गेली. अण्णांनी टेबलफॅन माझ्यापुढे आणून ठेवला आणि स्वतः ठोकळ्याला बोट लावून बसले. "सोसतंय गं... थांब, थांब, आता चटका बसला." पायरी खाली. दिवसभर ते उठले नाहीत, जेवलेही नाहीत.

शेवटचं चित्र पुरं झालं आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं. दसऱ्याला प्रांजली नोकरी घेऊन आली. मी पुन्हा सुरू झालो नाही.

मित्रांनो, तिनं वाढवलेल्या वेगानं मी मेलो नाही. श्वास कोंडला म्हणून मेलो. यंत्रावर माया करा, जरूर करा, पण आधी त्याला काय लागतं ते विचारा.

दर खंडेनवमीला अण्णा डबा उघडतात. प्रांजलीचा नवा संगणक शेजारी घरघरत असतो. त्याला लांबूनच नमस्कार. मग मला तळहातावर घेतात, कुंकू लावतात आणि झेंडूचा हार घालतात. मला आता चालतो.