एका चावीचा दम

कॅमेऱ्याची चावी बावीस सेकंद चालायची. कुशाबाचा दम चौतीस सेकंद. सगळी गोष्ट मधल्या बारा सेकंदांची.

जयवंतला हे आकडे पाठ होते, कारण दोन्ही त्यानेच मोजले होते. लालबागच्या ज्या चाळीत तो वाढला तिथल्या मंडळाच्या हुतुतू संघात त्याला कधी कोणी घेतलं नाही. पाय काड्यांसारखे, आणि कोणी अंगावर धावून आलं की हा डोळे मिटून घ्यायचा. मोजण्यात मात्र पक्का. कुशाबा चढाईला निघाला की जयवंत रेषेबाहेर उकिडवा बसून बोटांवर सेकंद मोजी. पंच सीताराम कोणाच्या बापावर विश्वास ठेवत नसे, पण जयवंतच्या बोटांवर ठेवी.

पुढे जयवंत शिकला. गिरगावात फणसवाडीत बिऱ्हाड केलं. दादरच्या एका चित्रपट कंपनीत चिकटला आणि बत्तिसाव्या वर्षी तिथल्या खेळांच्या माहितीपटांचा प्रमुख झाला. दहा-दहा मिनिटांची रिळं. थेटरात मुख्य सिनेमाआधी लागायची, लोक तोवर अंधारात खुर्च्या चाचपत असायचे. पोहणं झालं, हॉकी झाली, मलखांब झाला. दोन वर्षांत नऊ. एक पुरं होईतो याच्या डोक्यात तिसरं शिजायला लागलेलं. खुर्चीत बसला तर पाय हलायचा, ट्राममध्ये बसला तर दोन थांब्यांमधले सेकंद मोजायचा.

पंचावन्नच्या डिसेंबरात दहावं रीळ आलं. हुतुतूचं.

"हुतुतू नको, कबड्डी म्हणा," वरचे साहेब म्हणाले. "सध्या मराठी शब्द जरा मोठ्याने उच्चारला तरी मोर्चा आल्यासारखं वाटतं."

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावरच्या गोळीबाराला महिना झाला नव्हता. जयवंतने वाद घातला नाही. नाव काही का असेना, त्याला कुशाबाचा दम हवा होता. रेषा ओलांडण्यापासून परत रेषेला हात लागेपर्यंत, आख्खा.

"आख्खा दाखवीन," त्याने कुशाबाला सांगितलं.

कुशाबा गिरणीच्या कार्डिंग खात्यातून, कापूस पिंजून, नुकताच सुटून आला होता. भुवयांवर कापूस तसाच. "दाखव. आमच्या रखमाक कळांदे, मी आयतवारी खय जातंय ता."

रविवारी सकाळी मैदानात कॅमेरामन गंगाधरने चावी भरली. कर्र, कर्र, कर्र. कुशाबाने तळव्यांना माती चोळली आणि रेषा ओलांडली. जयवंतची बोटं आपोआप मिटायला लागली. अठरा. एकोणीस. कुशाबा डाव्या कोपऱ्यात शिरला, तिघांनी साखळी धरली, तो वाकला, साखळीखालून हात घातला आणि कोपऱ्यातल्या गड्याच्या गुडघ्याला

खट्.

चावी संपली. पुन्हा भरायला नऊ सेकंद गेले. उरलेल्या तिनात कॅमेऱ्याला मिळालं एवढंच: कुशाबा पालथा पडलेला, पाठीवर दोन गडी, आणि त्याची बोटं रेषेवर.

"गुडघ्याला हात लागला का?" जयवंतने विचारलं.

"लागला की. सगळ्या लालबागने बघितला," गंगाधर म्हणाला. "कॅमेऱ्याने नाही."

अशा फटी बुजवायची रीत ठरलेली असते. मध्ये बघणाऱ्यांचे चेहरे घालायचे. जयवंतने घातले. गॅलरीतल्या बायका, टोप्या, कोणाच्या तरी खांद्यावरचं पोर. चित्र मुकं होतं, आवाज मागाहून स्टुडिओत भरला. दम घुमवायला एक गाणारा बोलावला होता. माणूस तयारीचा, पण गाणारा. पडद्यावर चेहरे आले, खेळाडू दिसेनासा झाला, तशी त्याने सुपारीएवढा श्वास घेतला आणि पुढे चालू. जयवंतने तो ऐकला. ऐकला, आणि घड्याळ बघितलं. बाहेर पुढच्या रिळाची माणसं खोळंबली होती.

"चालेल," तो म्हणाला.

फेब्रुवारीत रविवारच्या दुपारी मंडळाच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावून रीळ दाखवलं. भिंतीवर धोतर. पुढ्यात सीताराम पंच, मागे आख्खी चाळ. कुशाबा धोतरावर आला तशी शिट्ट्या झाल्या. मग गॅलरीतले चेहरे आले. "गो, ही मी," कोणी बाई म्हणाली, हशा पिकला. हशा ओसरतो न ओसरतो तोच पुढे एक हात वर गेला. प्रोजेक्टरच्या उजेडात त्या हाताची सावली पालथ्या कुशाबावर पडली.

"बाद," सीताराम म्हणाला.

"पंचानु, सिनेमा हा तो," मागून कोणीतरी म्हणालं.

"असेल. दम तुटला. मी ऐकला."

मग खोलीला आवरणं कठीण झालं. "कुश्या, मेल्या, मैदानात नाय तो भिंतीर बाद झालंस." "परत लाव रे, परत बाद करू." हसला नाही एकटा कुशाबा. तो जयवंतला बाहेर जिन्यापाशी घेऊन गेला.

"अठरा वर्सां खेळतंय. कुशाबाचो दम तुटलो म्हणून कोणी म्हणूक नाय. तू म्हणालंस."

"चावी बावीस सेकंदांची आहे, कुशाबा. मशीनच तेवढं."

"म्हणजे दम मशिनीचो तुटलो. मग तिका बाद दी. माका कित्याक?"

जयवंतला त्या श्वासाबद्दल सांगायचं होतं. तो म्हणाला, "पुन्हा घेऊ. पुढच्या महिन्यात. आख्खा."

"बघ हां. तुटको माका नको."

आणि पुढचा महिना

खट्.

चार वर्षांनी आला.

मधल्या काळात जयवंतने एकतीस रिळं केली. कलकत्त्याचा फुटबॉल, मद्रासकडची बैलांची झटापट, पुण्याच्या तालमी. काचेची केबिन मिळाली, दारावर नावाची पाटी लागली. केबिनमध्ये तो उभ्यानेच सह्या करायचा. लालबागवरून ट्राम जायची तेव्हा त्याला आठवायचं आणि परळ येईपर्यंत तो स्वतःची समजूत घालून संपवायचा. एका चावीत मावत नाही तर जाऊन काय करायचं? मोटरचा कॅमेरा येऊ दे. हा हंगाम जाऊ दे.

सत्तावन्नमध्ये एकदा ट्राम मोर्चात अडकली. रस्ताभर माणसं, आणि त्यात घोषणा द्यायला पुढे कुशाबा. गळ्याच्या शिरा ताणून, हात उंच. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," तो ओरडला, आणि पुढचं "झालाच पाहिजे" त्याच्या तोंडून निघेना. खोकत खाली वाकला. मागच्यांनी वाक्य पुरं केलं. लोकांना वाटलं, अशीच रीत आहे, अर्धं त्याने म्हणायचं, अर्धं आपण. पुढल्या वेळीही त्यांनी तसंच केलं. खिडकीतल्या जयवंतच्या हाताची चार बोटं मिटलेली होती. चार सेकंद.

तो उतरला नाही. ट्राम सुटली.

अठ्ठावन्नमध्ये कुशाबाची बायको रखमा स्वतः दादरला कचेरीत येऊन गेली. जयवंत बाहेरगावी होता. टेबलावर कारकुनाच्या अक्षरात चिठ्ठी होती: लालबागच्या रखमाबाई आल्या होत्या, निरोप असा की, यायचं असेल तर आत्ताच या, दम कमी होतो आहे. जयवंतने ती दोनदा वाचली, खिशात घातली, आजच जायचं म्हणून कोट उचलला, दारापर्यंत गेला, आणि टेलिफोन

खट्.

साठच्या एप्रिलात साहेबांनीच बोलावलं. एक मेला राज्य होणार होतं.

"ते तुमचं कबड्डीचं काय झालं? नव्याने करा. आणि नाव हुतुतू ठेवा, ठसठशीत. आता तोच शब्द चालणार."

मोटरचा नवा कॅमेरा आला होता. बॅटरीवर चालणारा, चावी नाही, चार मिनिटं सलग. जयवंत गंगाधरला घेऊन सरळ लालबागला गेला.

रखमा दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं. "इलास भावजी? चिठी गावली वाटता."

"मिळाली."

"कधी?"

जयवंत चपला काढत राहिला.

"ते आता कार्डिंगात नाय," ती सुपातच बघत म्हणाली. "गेटार बसतत. जिनो चढताना तीनदा थांबतत. आमका सांगतत, बिऱ्हाडकरूंची चवकशी करतंय."

"रखमा, गप ऱ्हव," आतून आवाज आला. कुशाबा बाहेर आला. अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा इतका सैल. "मशीन आणलंस?"

"आणलं. चार मिनिटं चालतं."

"चार मिनिटां? मी काय कासव आसंय?"

हसला, आणि ते हसू खोकल्यात गेलं. जयवंतने वाट बघितली. मग हळू आवाजात म्हणाला, "कुशाबा, पुन्हा पळायची गरज नाही. चित्र जुनंच ठेवू. आवाज नवा भरतो, मध्ये कोणी श्वास घेणार नाही असा. तेव्हा घेतला होता. मला ऐकू आला होता."

कुशाबाने तोंड पुसलं. "आयकलंस, आणि सोडलंस?"

"हो."

"सीतारामान सोडूक नाय," कुशाबा म्हणाला आणि खुंटीवरची चड्डी काढली.

मैदानात सीताराम पंच आधीच येऊन उभा होता, आता जाड चष्म्याचा. समोरचे गडी मंडळाचे. कुशाबाने त्यांना बजावलं, "माका कोणी मुद्दाम सोडलो तर तेची खैर नाय." मग वाकून तळव्यांना माती चोळली. गंगाधरने खटका दाबला. मोटर घूं करत सुरू झाली.

आणि कुशाबाने रेषा ओलांडली, हुतुतुतुतु, आवाज पूर्वीसारखा भरीव नव्हता, पत्र्यावर वाळू पडावी तसा, पण सलग, जयवंतचं पहिलं बोट मिटलं, दुसरं मिटलं, कुशाबा उजवीकडे न जाता सरळ डाव्या कोपऱ्याकडे, जणू चार वर्षांपूर्वीची चढाई तिथेच थांबली होती, सात, आठ, साखळी सरकली, तो वाकला, दहा, साखळीखालून हात गेला, कोपऱ्यातल्या गड्याच्या गुडघ्याला लागला, या वेळी कॅमेऱ्यानेही बघितलं, बारा, कोणीतरी घोट्याला धरलं, तो पडला, आवाज मातीत घुसला पण थांबला नाही, चौदा, पंधरा, कोपरांवर सरपटत, हुतुतुतु, सोळा, रेषा वीतभर, सतरा, आणि बोटं रेषेवर.

सीतारामने डोकं एका बाजूला कलवलं होतं, कान पुढे. त्याने हात वर केला नाही.

"आला," तो म्हणाला. "दम अखंड."

पोरांनी कुशाबाला उठवून बसवलं. त्याचे ओठ निळसर झाले होते. जयवंत त्याच्यासमोर उकिडवा बसला, जसा पूर्वी बसायचा.

"मावलो मां?" कुशाबाने विचारलं. शब्दाशब्दामध्ये थांबत.

"मावला."

"कितके?"

जयवंतने त्याला आजवर खोटा आकडा कधी दिला नव्हता. जुन्या चावीतसुद्धा मावला असता. वर पाच सेकंद उरले असते.

"सतरा," तो म्हणाला.

कुशाबाने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "अर्धो," तो म्हणाला. मग श्वास ओढून, "पण आख्खो."

मोटर चालूच होती. "थांबवू?" गंगाधरने मागून विचारलं.

"राहू दे."

रखमा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. कुशाबाने हाताने खूण केली, थांब. आधी श्वास परत यायला हवा होता. छाती वरखाली होत होती, आत काहीतरी शिट्टीसारखं वाजत होतं. जयवंतची बोटं पुन्हा मिटायला लागली होती, त्याला कळायच्या आत. वीस झाले. तीस झाले. चौतीस झाले. कुशाबाचा हात अजून तांब्याकडे गेला नव्हता.

पस्तिसाला जयवंतने मूठ उघडली आणि मोजणं सोडून दिलं.