निळ्या आठवड्यातला लाल

लघवीत लाल दिसलं तेव्हा थोरला काही घाबरला-बिबरला नाही. कापड रंगवण्यात तीस वर्षं गेलेली. नखं लाल, रुमाल लाल, मग आतलं कोरं कसं राहील? रंग अंगातून उतरतो, असं कारखान्यात सगळेच म्हणायचे. शेजारच्या हौदावरचा त्याचा धाकटा भाऊ तर हसलाच.

"दादा, मला वर्षभर होतंय अधूनमधून. भरपूर पाणी पी, जाईल."

दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दोन दिवसांत गेलंही. संपला विषय.

संपला कसला! महिन्याभरात परत आलं, आणि या खेपेला बायकोने पाहिलं.

"रंग आहे गं तो."

"हो का? या आठवड्यात हौदात काय चाललंय?"

"निळा."

"मग?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. इतकी वर्षं त्याचे कपडे धुणारी बाई ती. तिला कोण फसवणार?

दुसऱ्याच दिवशी थोरला दवाखान्यात जाऊन बसला.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "खडा असू शकतो, जंतुसंसर्ग असू शकतो, प्रोस्टेटही वाढलेली असू शकते. त्या सगळ्यावर औषधं आहेत. पण दुखत नाही म्हणता, तेच मला आवडलं नाही. त्यात तुमचं काम रंगाचं, त्यातली रसायनं मूत्राशयाला बाधतात."

लघवी तपासली, सोनोग्राफी झाली, मग दुर्बीण घातली. मूत्राशयात वाटाण्याएवढी गाठ निघाली, कर्करोगाची. दुर्बिणीतूनच ती खरवडून काढली, पुढे काही आठवडे आत औषध सोडलं.

"नशीब, लवकर आलात," बाई म्हणाल्या. "वर्षभर अंगावर काढलं असतंत तर अवघड होतं. आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण. चुकवायची नाही."

वर्षभर. धाकटाही तेच म्हणाला होता. इतके दिवस स्वतःच्याच काळजीत बुडालेला, गाढव! तो घरी न जाता तडक कारखान्यात गेला. धाकटा कोपरापर्यंत हात घालून कापड ढवळत होता.

"चल, डॉक्टरकडे."

"मला काय धाड भरलीय? पाणी पितोय ना मी, दादा. हल्ली तर रोजच पितो."

"रोज?"

धाकटा हसायला गेला आणि थांबला. त्याने हौदात पाहिलं. हौदात पिवळा होता.

थोरल्याने त्याच्या एप्रनची गाठ सोडली.