निर्वासितीण

जळगावच्या दंग्याला आठ दिवस झाले होते. आमच्या भडगावात काहीच पेटलं नव्हतं आणि याचीच रुपचंदला लाज वाटत होती. मेला रिकामटेकडा! त्यानं संध्याकाळी बाजारात सभा ठेवली, भोंगा आणला. आता रडायला कुणीतरी हवं होतं. मग त्याला ईश्वरीबाई आठवली.

ही कराचीची सिंधी बाई. तिथल्या अठ्ठेचाळीस सालच्या दंग्यात तिचा मुलगा तिच्या डोळ्यांदेखत कापला होता. बावीस वर्षं ती आमच्या आळीत पापड लाटून विकत होती, आमचीच बोली बोलत होती आणि तरी गाव तिला निर्वासितीण म्हणत होतं. नळावर तिचा हंडा कायम शेवटी. त्या दिवशी मात्र रुपचंद चार माणसं घेऊन तिच्या दारात उभा राहून म्हणाला, "माय, तू आपली शे."

आपली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी कोणत्या तोंडानं बोलणार? 'पुष्पाबाई, तुम्ही शेजारनी, चला' असं त्यानं म्हटल्यावर मीच त्याला तिच्या दारापर्यंत आणलं होतं. सभा सुटल्यावर जमाव कुठे जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पिंजारी गल्लीत मुसलमानांची बारा घरं. आमच्या गाद्यांचा कापूस तेच पिंजतात.

"जे घडनं ते फक्त सांग," रुपचंद म्हणाला.

"मी येवाव नही." ईश्वरीबाईनं लाटणं थांबवलंसुद्धा नाही.

"का? तुले कोन्ही मुसलमाननी वाचाडं का?"

"कोन्हीच नही. शेजारनासनी दारं बंद करी लिधी."

"मंग?"

"मंग बी नही."

रुपचंद भडकला. "पोटना पोर्‍या गया तुना! तू माय शे का कोन शे?"

मी त्याला हाकलायला पुढे झाले, तोच तिनं लाटणं पोळपाटावर असं आपटलं की दारातली माणसं मागे सरली. ती उठली.

"त्या रोज तठे बी सभा व्हती. एक बाई उभी करी व्हती, हिंदुस्थानथून पळीसन येल. तिना पोर्‍याले आठे, हिंदुस्थानमाच मारेल व्हतं. खाटवर चढीसन ती रडनी. एक अक्षर खोटं बोलनी नही. मी खिडकीमाथून ऐकी राहिंती, माले बी रडू उनं. मंग सभाना त्या बठ्ठा लोक तठून उठनात आनि मना दारवर उनात."