समुद्रातली कमळं

देवराव निमगडेनं आयुष्यात खरी अशी एकही गोष्ट केली नव्हती. जे केलं ते फक्त व्यवस्थित केलं होतं. कांताचं आपल्या नवऱ्याबद्दलचं हे मत लग्नानंतर सातव्या वर्षी पक्कं झालं, आणि त्याला निमित्त झालं ते बोटीचं.

देवराव मूलच्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. चार वर्षांतून एकदा बायकापोरांना घेऊन देश पाहून यायला सरकार त्याला खर्च द्यायचं. धानाची मळणी आटोपली त्या सुमारास एके दिवशी तो घरी आला आणि म्हणाला, औंदा आपण मुंबईहून बोटीनं गोव्याला जायचं. कांताला आधी थट्टाच वाटली. ती धानोऱ्याची, जंगलात वाढलेली. समुद्र तिनं पाहिला तो शाळेच्या नकाशात, आणि तो रंगवता रंगवता तिची निळी कांडी संपली होती. नवऱ्यानं आपण होऊन समुद्राचं नाव काढलं याचा तिला इतका आनंद झाला, की त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

मग ती तयारीला लागली. मुलगी सुकेशनी पाच वर्षांची. तिला सांभाळून न्यायचं म्हणजे खेळ नव्हता. शेजारच्या खैरुनबीचे मामा कधीकाळी जहाजानं हजला गेले होते, एवढ्यावर खैरुनबी बोटीच्या बाबतीत जाणकार ठरली. बोटीच्या मधोमध बसायचं, लिंबू चोखायचं, लेकराला कठड्याजवळ जाऊ द्यायचं नाही, असं तिनं बजावलं आणि सुकेशनीला आपल्या मशिनवर एक निळा फ्रॉकही शिवून दिला. कांतानं आवळा सुकवला, सुंठीच्या गोळ्या वळल्या. जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडली. तिचं एक टोक पोरीच्या कमरेला आणि दुसरं आपल्या मनगटाला बांधून ती सवय म्हणून विहिरीपर्यंत जाऊन यायची. बायका हसायच्या. कांताही त्यांच्यासोबत हसून घ्यायची.

देवराव या सगळ्याकडे नुसता पाहत होता. निघायला आठवडा उरला तेव्हा त्यानं दार लावून घेतलं आणि बायकोला सगळं समजावून सांगितलं. बोटीनं जायचं नव्हतं. इथून वाजतगाजत चंद्रपूरला जायचं आणि तिथून संध्याकाळच्या एसटीनं थेट धानोऱ्याला, तिच्या माहेरी. ती एसटी मूलवरूनच जाते, तेव्हा स्टँड आला की माना खाली घालायच्या. दहा दिवस धानोऱ्यात दबून राहायचं. कचेरीत दाखवायला बोटीची खोटी तिकिटं करून देणारा माणूस चंद्रपुरात होता. वाचलेल्या पैशांची लुना घ्यायची. यात लाजण्यासारखं काही नाही, असंही तो म्हणाला. कचेरीतले हेडक्लार्क सावली गावी बहिणीकडे बसून काश्मीर करून आले होते, आणि त्यांनी बर्फाचं वर्णन असं केलं होतं की ऐकता ऐकता चपराशानं कान बांधले.

कांतानं एवढंच विचारलं, "आन पोरीले काय सांगू?"

"तिले मी तयार करतो," देवराव म्हणाला.

आणि खरंच, त्यानं तयार केलं. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे पंचशील म्हटलं जायचं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील सुकेशनी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची, कारण त्यातलं 'मुसावादा' तिला आवडायचं. ते आटोपलं की त्याच सतरंजीवर, त्याच तसबिरीपुढे शिकवणी सुरू व्हायची. पाणी कसं होतं? खारट होतं. बोट कशी होती? हालत होती. भोंगा कसा वाजला? पोरगी गाल फुगवून भोंगा वाजवायची. उलटी कोणाला झाली? बाबाला झाली. हे शेवटचं देवरावनं मुद्दाम घातलं होतं. थोडी स्वतःची फजिती सांगितली की लोकांना पटतं, हे ज्ञान त्याला कचेरीत मिळालं होतं. बरोबर उत्तराला एक रेवडी.

कांताला स्वतःसाठी वाईट वाटलं ते एकच दिवस. हुकलेल्या समुद्राचं दुःख तिनं चुलीपुढे बसून करून घेतलं आणि संपवलं. पण पोरीसाठी तिचं रक्त उकळत होतं. खरं बोलली तर या घरात कोणी पोरीला चण्याची डाळ देत नव्हतं, आणि खोट्याला रेवडी मिळत होती.

तशात पुरावा म्हणून बोटीतल्या फोटोची टूम निघाली. अयूबच्या स्टुडिओत मागच्या पडद्यावर ताजमहाल होता. देवरावनं नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या पोचूकडून त्या पडद्याच्या मागच्या बाजूला जहाज काढून घेतलं. पोचूनं उभ्या जन्मात तलावापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. त्यानं जहाज झकास काढलं, आणि भोवती समुद्र मोकळा मोकळा दिसतो म्हणून त्यात कमळं सोडली. देवरावला कमळं दिसली नाहीत. तो गॉगल घालून स्वतःला आरशात पाहत होता. कांताला दिसली. तिनं ती तशीच राहू दिली. फोटोत ती अशी उभी आहे, जशी रेशनच्या रांगेत उभी राहायची.

निघायच्या दिवशी अख्खी कचेरी स्टँडवर आली. हार आले, चिवड्याचा पुडा आला, खुद्द मोठे साहेब आले. देवराव हारांत मानेपर्यंत बुडाला होता. साहेबांनी सुकेशनीचा गाल ओढला आणि विचारलं, काय गं, बोटीत बसायला चाललीस?

आठवडाभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो पोरीला आज मिळाला. ती हात मागं बांधून उभी राहिली. "पाणी खारट होतं. बोट हालत होती. बाबाले उलटी झाली, मले नाई झाली." आणि गाल फुगवून तिनं भोंगा वाजवला.

माणसं हसली. साहेबही हसले आणि म्हणाले, अगं, तुम्ही अजून गेलाच कुठे?

"जाचं नाई," सुकेशनीनं त्यांना समजावलं. "निस्तं सांगाचं हाय." आणि रेवडीसाठी तिनं बापापुढे हात केला.

कुणी रागावेल, निदान कुणी चमकेल, असं कांताला वाटलं होतं. कुणीच चमकलं नाही. हेडक्लार्क एसटीच्या पाटीकडे पाहू लागले. प्रत्येकाच्या पोटात आपापलं काश्मीर होतं. साहेबांनी घसा साफ करून पोरगी हुशार आहे म्हटलं, आणि देवरावनं सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास कांतानं पाहिला, आणि तिच्यानं राहवलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "आमी बोटीनंच जाऊन राह्यलो. वापस आल्यावर तुमी पोरीलेच पुसा. समुद्राचं पाणी आणतो तुमच्यासाठी, शिशीत."

एवढ्या लोकांसमोर बोललेलं साहेबांनाही परत करता येईना. आणा आणा, असं ते म्हणाले. देवरावची लुना तिथंच, हारांच्या ढिगाऱ्यात गेली. चंद्रपूरला उतरल्यावर कांतानं धानोऱ्याच्या एसटीकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला पट्टीनं मनगटाशी बांधलं आणि ती रेल्वे स्टेशनची वाट चालू लागली. देवराव सामान घेऊन मागून आला. दुसरं करणार काय होता?

बोटीत सुकेशनी एका जागी बसली नाही; पट्टी नसती तर कांताचं काही खरं नव्हतं. पाणी खरंच खारट होतं. देवरावला खरंच उलट्या झाल्या, मुंबईचा किनारा नजरेआड व्हायच्या आतच, आणि आवळा, सुंठ, लिंबू यांपैकी काहीही त्याच्या कामी आलं नाही. पोरगी बापाजवळ बसून कौतुकानं म्हणाली, "बाबा, बराबर करून राह्यले तुमी." रात्री बोटीच्या मागं फेसात निळसर उजेड पेटत होता, विझत होता. मायलेकी कठड्याशी उभ्या राहून तो पाहत राहिल्या. कांताला रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. शाळेतली निळी कांडी तिला आठवली. तिचा रंग अगदीच चुकला होता.

परतल्यावर कचेरीतले लोक घरी चहाला आले. साहेबांनी पोरीला विचारलं. तिनं खारट पाणी सांगितलं, भोंगा सांगितला, उलटी सांगितली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. धडा त्यांना पाठ होता. मग ती म्हणाली, रात्री पाण्यात उजेड लागत होता. तेव्हा मात्र हसण्याचा स्फोट झाला. हेडक्लार्क डोळे पुसत म्हणाले, निमगडे, एवढं नसतं शिकवायचं, जरा जास्तच झालं. देवराव शपथा घेऊ लागला. पाण्याची शिशी पुढे केली, तर कुणीतरी विचारलं, मीठ घरचंच ना? देवराव जितका जीव तोडून सांगे, तितके ते जास्त हसत. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याजवळ खरं होतं, आणि ते खपत नव्हतं. कांताला त्याची कणभर कीव आली नाही.

कीव आली ती पोरीची. लोक गेल्यावर ती आईला बिलगून म्हणाली, "मी खरं सांगतलं तं हासले काऊन?"

कांतानं देवरावकडे पाहिलं.

संध्याकाळी पंचशील म्हणताना सुकेशनी चौथ्या शीलापाशी थांबली आणि बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली. ते शील न म्हणताच देवराव उठला आणि भिंतीवर ऐटीत टांगलेला जहाजाचा फोटो काढायला त्यानं हात वर केला.

"राहू द्या," कांता म्हणाली. "तुमच्या कचेरीतले परत आले तं त्याइले हाच समुद्र पटते."