बदलीवाल्याचा मुलगा

चौदा वर्षं मेजर सुबोध राऊळने वर्दी अंगावर घातली, आणि चौदा भरल्यावर फौजेने त्याला एक ढाल, एक हार आणि शाबासकी देऊन घरी पाठवलं. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांचं असंच असतं. मुदत भरली की चला. यात कोणी फसवत नाही, सगळं आधीच लिहिलेलं असतं, आणि तरी माणसाला फसवल्यासारखं वाटायचं ते वाटतंच.

आता तो मुलुंडला रंगाच्या एका कारखान्यात सिक्युरिटी मॅनेजर होता. म्हणजे काय, तर वॉचमनच्या ड्युट्या लावायच्या, ट्रकांचे गेटपास बघायचे आणि सुटताना कामगारांच्या पिशव्या उघडायला लावायच्या. बर्फात शंभर जवान सांभाळलेला माणूस कोणाच्या पिशवीतून ब्रश गेला त्याचा रिपोर्ट लिहीत बसायचा. गेटवर सगळे 'मेजरसाब' म्हणून सलाम ठोकायचे. त्या सलामाचीच त्याला जास्त चीड यायची.

परत जायला एकच वाट उरली होती, टेरिटोरियल आर्मी. ही फौज तशी अर्धवेळ. आपली नोकरी-धंदा सांभाळायचा आणि वर्षातून महिना-दोन महिने वर्दी चढवायची. पण काही पलटणींना अधिकारी कमी पडतात. मग ते पूर्णवेळ बोलावतात, आणि एकदा बोलावलं की वर्षामागून वर्षं ठेवून घेतात. सुबोधच्या ओळखीचे दोघं असे गेले होते, ते अजून परतले नव्हते. त्याने अर्ज केला. मुलाखत झाली. मेडिकलच्या वेळी गुडघा ठणकत होता, तरी पठ्ठ्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मुलाखतीतले कर्नलसाहेब पलटणीचेच होते. त्यांनी फोन करून सांगितलं, "राऊळ, नाव लागू दे, मी लगेच पूर्णवेळ बोलावतो. माझ्याकडे जागा आहे." अट एकच, नाव वयाची बेचाळीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत लागायला हवं. सुबोधचे उरले होते एकोणीस दिवस.

इतकं गळ्याशी का आलं? तर कंपनीमुळे. टेरिटोरियलचा नियमच आहे, अधिकाऱ्याला स्वतःची कमाईची नोकरी हवी, आणि मालकाची हरकत नसल्याचं पत्र हवं. रिकामटेकडा माणूस त्यांना चालत नाही. पत्र द्यायचं होतं एचआरच्या नमिता मॅडमनी. "सर, तुम्ही पूर्णवेळ गेलात तर आम्ही काय करायचं?" असं म्हणत त्यांनी पाच आठवडे काढले. सुबोध रोज त्यांच्या केबिनबाहेर उभा. शेवटी दिलं, तेही कंटाळून.

आता राहिली होती फक्त घरची चौकशी. एक सुभेदार भांडुपला घरी येणार, माणूस इथेच राहतो ना, सांगितलेली नोकरी खरंच करतो ना, एवढं विचारणार आणि घरच्या वडीलधाऱ्याची सही घेऊन जाणार. सुबोधने घरी सांगून ठेवलं, सुभेदार येतील, विचारतील ते सांगा. काय सांगा, ते मात्र सांगितलं नाही. खरं बोलायला कोणी शिकवतं का?

आणि घरी होते गुणाजी.

गुणाजी म्हणजे सुबोधचे वडील, वय सत्त्याहत्तर. परळच्या एका गिरणीत ते अकरा वर्षं बदली कामगार होते. कायम कामगाराने खाडा केला की त्याच्या जागी बदलीवाला आत. खाडा नसला की चला घरी. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कोणाकडे बोट दाखवतो ते बघायचं. त्यांच्यासोबत लहू नावाचा एक गाववाला उभा असायचा. एकदा जॉबरने विचारलं, बाकी दिवस काय करतोस? लहू साधा माणूस, म्हणाला, वड्याची गाडी लावतो. झालं! जॉबर म्हणाला, मग तुला गिरणीची काय गरज? पुढे तीन महिने लहूकडे बोट गेलं नाही. गुणाजींनी ते बघितलं आणि जन्माची खूणगाठ बांधून ठेवली. स्वतः संध्याकाळी एका गोदामात गोण्या उचलायचे, पण जॉबरला कायम एकच उत्तर, काही करत नाही, घरीच असतो, तुमच्या बोलावण्याची वाट बघतो. अकरा वर्षं हे खोटं बोलून ते कायम होण्याच्या उंबरठ्यावर आले, आणि मग संप झाला. पण त्यात त्यांच्या उत्तराची काय चूक?

मंगळवारी सुबोध पहिली पाळी करून साडेचारला घरी आला. गुणाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते आणि हसत होते. सून श्वेता नुकतीच शाळेतून शिकवून आली होती, ती चहा गाळत होती.

"इलो होतो तुझो सुभेदार," गुणाजी म्हणाले. "बरो माणूस. चाय घेतल्यान. मी सगळा नीट केलंय हां."

"काय विचारलं?" सुबोध बूट सोडत म्हणाला.

"इचारल्यान, लडका क्या करता है? मी सांगलंय, कुछ नहीं साब, घर पे रहता है, तुम्हारे बुलाने का राह देखता है."

सुबोधचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला.

"तो म्हणता, पिताजी, कंपनी में है ना? मी म्हटलंय, छोड दिया. परत इचारल्यान, और ये चिठ्ठी? मी काय कच्चो असंय? मी म्हटलंय, साब, वो कागद खाली दिखाने का है. जब बोलेगा तब आएगा, एकदम मोकळा माणूस." गुणाजींनी मांडीवर थाप मारली. "सगळा लिवन घेतल्यान. माझी सही बघून म्हणता, पिताजी, अक्षर अच्छा है."

श्वेताने गाळणं तसंच कपावर धरलं होतं. सुबोधला ओरडावंसं वाटलं. पण समोरचा म्हातारा इतका खुशीत होता, लेकाचं काम फत्ते करून बसला होता, की त्याने बूट पुन्हा पायात सरकवले. तो उठला आणि मोबाईल घेऊन जिन्यात गेला.

सुभेदाराने फोन घेतला, पण रिपोर्ट दुपारीच पुढे गेला होता. मग कर्नलसाहेब. कर्नलसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं, आणि तो शांतपणाच सुबोधला नको होता. ते म्हणाले, "तुझ्यावर माझा विश्वास आहे. पण कंपनीचं पत्र दाखवण्यापुरतं आहे, असं तुझ्या वडिलांनी सही करून दिलंय. मी ते फाडून टाकू का? आता चौकशी लागणार. दोन महिने जातील."

"सर, माझे बारा दिवस राहिलेत."

"माहीत आहे," कर्नल म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला.

सुबोध जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. श्वेता बाहेर आली, शेजारी बसली. त्याने सांगितलं.

"बाबांना बोलू नकोस," ती म्हणाली. "खचतील रे ते."

"आणि मी?"

ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली, नेमका दुखऱ्या.

तरी तो लढला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या हजेरीच्या नकला काढल्या, पगाराच्या स्लिपा काढल्या, सगळं पाठवलं. उत्तर आलं, कागद मिळाले, चौकशीत जोडले जातील. तारीख काही कोणासाठी थांबली नाही. बेचाळिसाव्या वाढदिवसाला श्वेताने कोंबडी-वडे केले. सुबोध दोन वडे खाऊन उठला. गुणाजींनी विचारलं, "फोन इलो?" "नाही अजून." "येतलो. मी सांगलंय ना तेंका." असं रोज चाललं. रोज सकाळी तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि रोज सुबोधला म्हाताऱ्याचा थोडा जास्त राग यायचा. मग त्या रागाची लाज वाटायची, आणि लाज गेली की पुन्हा राग.

महिना संपायला चार दिवस असताना नमिता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी बघूनच त्याला काय ते कळलं.

"सर, तुम्ही जाणार म्हणून मॅनेजमेंटने एक तारखेपासून एजन्सी लावलीय," त्या म्हणाल्या. "करारावर सह्या झाल्या. तुम्हीच म्हणाला होता ना, पूर्णवेळ चाललो म्हणून?"

"माझं राहिलं, मॅडम. मी कुठे जात नाही."

"मला माहीत असतं तर... तुम्ही आधी बोलायला हवं होतं, सर."

खरं होतं. त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. ज्या गेटवर लोक त्याला मेजरसाब म्हणत होते, तिथे जाऊन काय सांगणार, की बापाने माझी वाट लावली? उरलेले चार दिवस रजेत धरतो, असं त्या म्हणाल्या. गेटवरच्या वॉचमनने नेहमीसारखा सलाम ठोकला, आणि नियम म्हणून, चाचरत, त्याची पिशवी उघडायला लावली. नियम सुबोधनेच घातला होता.

अकरा वाजता तो घरी पोचला. श्वेता शाळेत होती. गुणाजी खिडकीत बसून पेपर वाचत होते.

"आज लवकर? रजा?"

आणि मग मात्र त्याचा बांध फुटला. "नोकरी गेली, बाबा! ही गेली आणि तीही गेली. त्यांना नोकरीवालाच माणूस हवा होता. नियम आहे तो त्यांचा! तुम्ही सही करून सांगितलंत की मी काही करत नाही. तिकडून नाव कापलं आणि इकडे माझ्या जागी दुसरे घेतले. झालं समाधान?"

गुणाजींनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली. नोकरी असलेल्यालाच नोकरी देतात, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. सत्त्याहत्तर वर्षांत त्यांनी असं गेट बघितलं नव्हतं.

"असां खंय असता?" ते हळूच म्हणाले. "ज्याका काम असा तेकाच काम?"

"असतं, बाबा."

म्हातारा विचार करत बसला. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, डोळ्यांत चमक आली, आणि सुबोधला ते बघवेना.

"म्हंजे आता तुझ्याकडे खराच काय काम नाय?"

"नाही."

"मगे बसलंस कित्याक, झिला? फोन कर तेंका. सांग, बापाशीन सांगलेलां खरां असा, आता मी मोकळो असंय. आता नाय म्हणूचे नाय."

आणि टेबलावरचा फोन उचलून गुणाजींनी स्वतःच त्याच्या हातात दिला.