छप्पर काढा, कर टळला

ऑफिसात तिला सगळे माहितीबाई म्हणत. नगरपालिकेची नवी घरपट्टी लोकांच्या गळी उतरवायचं काम साहेबांनी तिच्याकडे दिलं होतं. आधी घरपट्टी भाड्याच्या अंदाजावर ठरायची, आणि तो अंदाज तीस वर्षांपूर्वीचा. त्यामुळे भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन सारख्या घरांना दोन वेगळे आकडे यायचे. आता छपराखालची जागा मोजून कर लागणार होता. ही सुधारणा बरी आहे असं माहितीबाईला मनापासून वाटत होतं. पण घरपट्टी म्हटली की लोक ऐकायच्या आधी भांडायला उठतात. पहिल्या दोन वॉर्डांतल्या सभांत तिला चार वाक्यं सलग बोलू दिली नव्हती.

तिसरी सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती आणि त्यामुळे आणखीच वैतागली होती. अर्धा तास नुसता गलका चालला. मग शेवटच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ उठले. ते बाइंडर होते. शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांची रजिस्टरं त्यांनी बांधली होती.

"घरामागे माझी कामाची खोली आहे," ते म्हणाले. "धंदा बंद होऊन दोन वर्षं झाली. नुसतं यंत्र उभं आहे. त्या खोलीलाही कर लागेल का?"

उत्तर तिच्या फाइलमध्ये होतं. बंद पडलेल्या धंद्याच्या खोलीला अर्धा दर होता, त्याचा एक फॉर्म होता. पण ते पान शोधावं लागलं असतं, आणि तेवढ्यात हॉल पुन्हा हातातून गेला असता.

"काका, कर छपराखालच्या जागेला," ती माइकवर म्हणाली. "छप्पर काढा, कर टळला. डोक्यावर छप्पर नाही, तर डोक्याला ताप नाही."

हॉल खो खो हसला. पुढच्या बाकावरचा सगळ्यात भांडखोर दुकानदारही हसला. बाइंडर एकदा इकडेतिकडे बघून खाली बसले. त्यानंतर लोकांनी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाहेर पडताना साहेब म्हणाले, "आज तुम्ही मैदान मारलंत." तिला ते इतकं आवडलं की पुढच्या सहा सभांमध्ये तिने तोच विनोद केला. कुणी विचारलं नाही तरी केला.

पाच महिन्यांनी घरं मोजायला सुरुवात झाली. लोक मोजणीदारांना दारातूनच परत पाठवायचे, म्हणून साहेबांनी तिलाही बरोबर जायला सांगितलं. तिच्याबरोबरचा मोजणीदार निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस होता. तिसऱ्या दिवशी दोघं एका अरुंद गल्लीतल्या घरी पोचले. दार बाइंडरांच्या सुनेने उघडलं. पुढच्या दोन खोल्या मोजून झाल्यावर मोजणीदाराने मागचं दार ढकललं आणि तो उंबऱ्यावरच थांबला.

मागच्या खोलीला चार भिंती होत्या, खिडकी होती, खिडकीला पडदासुद्धा होता. वर आभाळ होतं. मधोमध कागद कापायचं लोखंडी यंत्र प्लास्टिकखाली उभं होतं. प्लास्टिक फाटून त्यात पाणी साचलं होतं आणि पात्यावरून गंजाचे ओघळ फरशीपर्यंत आले होते. कोपऱ्यात पुठ्ठ्यांचा गठ्ठा फुगून पावासारखा झाला होता.

"पत्रे कुठे गेले?" मोजणीदाराने विचारलं.

"काढले," सून म्हणाली. "तुमच्याच ऑफिसातली कुणी बाई सभेत म्हणाली, छप्पर काढलं की कर नाही. बाबांनी दोन माणसं लावून पत्रे उतरवले आणि विकून टाकले. मी कामावर होते, घरी आले तर हे असं. मी नको म्हटलं असतं म्हणून मला विचारलंसुद्धा नाही."

मोजणीदाराने टेप जमिनीवर टेकवली. "छप्पर नसलं तरी भिंती उभ्या आहेत. नियमाप्रमाणे खोली धरावी लागते."

"म्हणजे पत्रेही गेले आणि करही राहिला," सून म्हणाली. "कोण होती ती बाई? नाव तरी कळू दे."

माहितीबाईने वहीत डोकं घातलं. मोजणीदाराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा टेपकडे पाहिलं. तिला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाइंडर आले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी ओळखलं, हे तिला कळलं.

"जाऊ दे," ते सुनेला म्हणाले. "चेहरा आता आठवत नाही."

आणि ती गप्प राहिली. त्यांनी पांघरूण घातलं आणि तिने ते घेतलं. आकडे लिहिले, सुनेची सही घेतली आणि ती बाहेर आली. गल्लीच्या टोकाशी मोजणीदार म्हणाला, "त्या सभेला मी होतो. मीही हसलो होतो." तिला त्याने धीर आला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून, अर्ध्या दराचा फॉर्म घेऊन ती एकटीच तिथे गेली. दार पुन्हा सुनेनेच उघडलं.

"ती बाई मीच," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "काल बोलायला हवं होतं."

"काल माझ्यासमोर उभ्या होतात तुम्ही," सून म्हणाली, आणि दार उघडं टाकून आत निघून गेली. बसा म्हणाली नाही.

बाइंडर खिडकीशी बसले होते. तिने फॉर्म पुढे केला आणि तो कशाचा आहे ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या.

"हा तेव्हाही होता?"

"होता."

"हं."

"काका, मी गंमत केली होती. तुम्ही ती खरी धराल असं..." पुढचं तिला बोलवेना, कारण त्यात पुन्हा दोष त्यांच्यावरच जात होता. "पत्र्यांचा खर्च मी देते."

"तुमच्या पैशाचं छप्पर नको," ते शांतपणे म्हणाले. "मी खरंच विचारलं होतं, बाई. सगळे हसले, तेव्हा वाटलं, आपण काहीतरी अडाण्यासारखं विचारलं. पुन्हा उठून विचारायची लाज वाटली. मग शब्द होते तसेच धरले."

तिने फॉर्म भरला, त्यांनी सही केली. महिन्याभरात अर्धा दर मंजूर झाला. तोवर यंत्र भंगारवाला घेऊन गेला होता, त्यामुळे मंजुरी आली ती रिकाम्या खोलीला.

राहिलेल्या सभांमध्ये तिने विनोद केला नाही. प्रश्न आला की ती फाइल उघडून पान शोधायची, आणि तेवढा वेळ लोक आरडाओरडा करायचे. एका सभेत तिने, आधी आपण काय बोललो होतो आणि त्याचं काय झालं, ते माइकवर सांगितलं. मागच्या रांगेत दोघं-तिघं तेव्हाही हसले. साहेब नाराज झाले, म्हणाले, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला.

त्या गल्लीतून ऑफिसला जवळ पडतं. ती अजून लांबच्या रस्त्यानेच जाते.