आईच्या उशाशी उभी राहणारी मुलगी

आई हॉस्पिटलातून घरी आली त्याला तीन आठवडे झाले होते आणि घराचा कारभार मी हातात घेतला होता. फ्रिजवर गोळ्यांचा तक्ता, तोही तीन रंगांत! बाबा मला 'मेट्रन' म्हणायला लागले होते, आणि खरं सांगते, मला ते जाम आवडायचं. एकच गोष्ट खटकायची. मी दिलेलं पाणी आई पीत नसे. "ठेव तिथे," म्हणायची, आणि बाबा आले की त्यांच्याकडून दुसरा ग्लास मागायची.

त्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरकाकांकडे तपासणी होती. आयसीयूतून सुटलेल्या पेशंटला ते मुद्दाम शेवटचा नंबर देतात, म्हणजे निवांत बोलता येतं. झोप, भूक, जिना चढताना लागणारा दम... प्रश्न आईला, उत्तरं माझी.

"वकीलबाई, जरा तुमच्या अशिलालाही बोलू द्या की," काका चष्म्यावरून बघत म्हणाले.

मी ओठ मिटले. काकांनी पेन खाली ठेवलं. "आयसीयूत असताना काही विचित्र दिसायचं का हो? पुष्कळांना दिसतं. सांगायला लाजतात."

आईने पर्सचा पट्टा बोटांभोवती पिळला.

"ही यायची," ती म्हणाली. "रोज. माझ्या सलाईनच्या बाटलीत काहीतरी घालायची आणि हसायची. मला ओरडायचं असायचं, पण तोंडात नळी होती ना."

ही म्हणजे मी.

कुणीतरी खाडकन कानाखाली वाजवावी तसं झालं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच पहिली आलेली मी, आणि आवाज निघाला तो चिरका.

"अगं आई," मी म्हणाले, "मला आत सोडलंच नाही एकदाही! मुलांना मनाई होती. अकरा दिवस मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. विचार बाबांना!"

"विचारलंय." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "मला कळतं गं. पण तुझ्या हातातला ग्लास पुढे आला की अंगावर काटा येतो. पोटच्या पोरीची भीती वाटते, हे कुणाला सांगू?"

"सांगितलंत ना आत्ता," काका म्हणाले. "हे वेड नव्हे. आजारपणाचंच उरलेलं शेपूट आहे. हळूहळू जातं, लपवलं तर रेंगाळतं." पुढच्या आठवड्याची तारीख लिहून ते माझ्याकडे वळले. "आणि तू रागावू नकोस हं."

मी रागावले नव्हतेच. मी त्या दुसऱ्या मुलीचा विचार करत होते. माझा चेहरा घेऊन रोज आईच्या उशाशी उभी राहणारी. तिला आत जाता आलं, मला नाही.

घरी आल्यावर सवयीने मी ग्लास भरला आणि तिथेच थबकले. आई खुर्चीतून बघत होती.

"आण इकडे."

तिने ग्लास हातात धरला. ग्लास ओठांपर्यंत गेला आणि परत खाली आला.

"आधी तू एक घोट घे."

घेतला. एक कसला, घटाघटा प्यायले, पार नाकात पाणी जाऊन ठसका लागेपर्यंत.

"अगं, मला ठेवशील की नाही!" आई म्हणाली, आणि तिने ग्लास माझ्या हातातून ओढून घेतला.